उन्हाळी झाडांचा धूर

शनिवार आला की पलागा मुलीच्या घराच्या खिडक्या उघडायची. घर तिच्याच अंगणात, तिच्या लाकडी घराला खेटून उभं होतं. दोन मजली, गुलाबी, बाल्कनीला चकचकीत स्टीलचे कठडे, आणि आत माणूस म्हणून एक नाही. सावेतानं इटलीतून पैसे पाठवून पाठवून ते बांधलं होतं. एकोणीस वर्षांत ती त्या घरात किती रात्री झोपली हे पलागाला तोंडपाठ होतं, पण ती कुणाला सांगत नसे. खिडक्या उघडायच्या, तिन्ही न्हाणीघरांतले नळ थोडा वेळ सोडायचे, गाद्या उलट्या करायच्या, आणि मग आपल्या जुन्या घरात येऊन एका माणसापुरता चोर्बा, आंबटसर सूप, शिजवायचा, असा तिचा शनिवार.

"घराला काय सर्दी होते का गं?" शेजारची गाफ्ता कुंपणावरून विचारायची. "दर आठवड्याला हवा दाखवतेस ती!"

"बंद घराला वास येतो."

"येणारच. माझ्याही घराला येतो. पण मी आता उघडायचंच सोडलंय."

गाफ्ताची जीभ तिखट, पण दुःख पलागाचंच. तिचे दोन मुलगे स्पेनमध्ये, आणि तिच्याही अंगणात एक हिरवंगार घर कुलूप लावून उभं. ईझा नदीच्या या खोऱ्यात अशी घरं जागोजाग आहेत, एकाहून एक रंगीत. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस त्यांत दिवे लागतात, लग्नं उरकली जातात, परदेशी नंबरांच्या गाड्या अंगणात उभ्या राहतात. सप्टेंबर उजाडला की गावात पुन्हा म्हाताऱ्या आणि कुत्री.

सावेता ब्रेशा शहरात परक्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची. एक गेलं की दुसरं. गेली सहा वर्षं सिन्योरा ओर्तेन्सिया नावाची एक बाई होती. फोनवर सावेता सांगायची, आज सिन्योराला अंघोळ घातली, आज तिनं सगळं सूप संपवलं, आज मला हाक मारून हसली. पलागा "बरं झालं" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर उगाचच भांडी आपटायची. स्वतःच्या मुलीच्या हातचं सूप तिला वर्षातून पंधरा दिवस मिळत होतं, आणि त्या बाईला रोज.

फेब्रुवारीत सावेता अचानक आली. ना ईस्टर, ना ऑगस्ट. पलागानं दारातच तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नोकरी सुटली असेल, नाहीतर पोरगी आजारी असेल. पण सावेतानं अंगातला कोटही न काढता टेबलावर एक बाटली ठेवली. अंगठ्याएवढी, टोपणाला काचेची नळी.

"ओळख, काय आहे?"

पलागानं टोपण काढून वास घेतला. तिच्या भुवया वर गेल्या. "ही तर आपली भांग!"

"आपलीच. फुलातनं तेल काढतात, सीबीडी म्हणतात त्याला. नशाबिशा काही नाही. सिन्योरा तीन थेंब जिभेखाली घेते, म्हणते झोप लागते. डॉक्टर म्हणतो फार आशा धरू नका, पण ती घेते ती घेतेच. गल्लोगल्ली दुकानं निघालीत, आई. या एवढ्याशा बाटलीची किंमत ऐकलीस तर खुर्चीवरून पडशील."

पलागानं किंमत ऐकली. ती खुर्चीवरून पडली नाही, पण बाटली तिनं दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवली.

भांग म्हटलं की या खोऱ्यातल्या बायकांना नशा नाही, चादर आठवते. पलागाच्या लग्नात तिनं बारा चादरी आणि तीस रुमाल आणले होते, सगळे भांगेच्या धाग्याचे, सगळे स्वतः पेरलेल्या, उपटलेल्या, नदीत भिजत घातलेल्या, झोडलेल्या, कातलेल्या. मग दुकानातलं स्वस्त कापड आलं, कायदे आले, आणि तीस वर्षं कुणी दाणा पेरला नाही. मागांचे खांब कोंबड्यांच्या खुराड्यांना लागले. जे काम गावात पलागाइतकं कुणालाच येत नव्हतं, ते काम जगाला नकोसं झालं होतं. आणि आता तेच एका काचेच्या नळीत बसून परत आलं होतं.

सावेतानं सगळं ठरवून ठेवलं होतं. क्लुजच्या बाजूला तेल काढणारा एक कारखाना होता. त्यांचा माणूस, इंजिनिअर होसू, परवान्यापासून बियाण्यापर्यंत सगळं बघणार होता. नदीकाठची दीड हेक्टर जमीन पेरायची. पहिलं पीक पसंत पडलं तर पुढच्या तीन वर्षांचा करार, आणि माल वाळवायचं यंत्र गुलाबी घराच्या तळमजल्यावर.

"आणि पसंत पडलं तर तू?" पलागानं विचारलं. बाकीचं तिला अर्धंमुर्धंच कळलं होतं, पण एवढं तिला नीट ऐकायचं होतं.

"तर मी परत जात नाही, आई."

पलागा उठली आणि चुलीकडे तोंड करून उगाचच भांड्यात डाव फिरवत राहिली. भांडं रिकामं होतं.

पेरणी झाली आणि गावाला चघळायला विषय मिळाला. मोजणी करायला सरकारी माणसं आली, त्यांच्याबरोबर पोलीसही येऊन गेला.

"या वयात तुरुंगात जाशील, पलागा," गाफ्ता म्हणाली. "बरंच आहे म्हणा. आयतं जेवण मिळेल, आणि बोलायला माणसं."

"तुलाही घेऊन जाईन. तुझ्यावाचून मला करमायचं नाही."

पण जूनमध्ये पीक छातीला लागलं, सरपंच स्वतः बांधावर येऊन उभा राहिला, आणि गाफ्ताचा सूर बदलला. एक दिवस ती खालच्या आवाजात म्हणाली, "सावेताला म्हणावं, त्या इंजिनिअरला माझ्या पोरांचं पण विचार. माझी पण नदीकाठी जमीन पडून आहे." दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. बाकीच्या तोंडानं बोलत नव्हत्या, पण कुलूपबंद घरांच्या सगळ्या आया त्या दीड हेक्टरकडे डोळे लावून बसल्या होत्या.

पलागाला त्या महिन्यांनी वेड लावलं. सकाळी उठलं की दुसऱ्या खोलीतून घोरण्याचा आवाज यायचा. टेबलावर दोन ताटल्या. दोरीवर दुसऱ्या कुणाचे तरी मोजे. आणि भांडण! किती वर्षांनी घरात भांडण होत होतं.

"आई, हा चोर्बा आहे की समुद्र? एवढं मीठ?"

"तुझा बाप असाच खायचा."

"म्हणूनच गेला लवकर."

"तोंड सांभाळ! इटलीत जाऊन बेचव खायला शिकलीस."

"डॉक्टरांनी तुला मीठ कमी सांगितलंय. मी औषधांच्या चिठ्ठ्या वाचते, मला फसवू नकोस."

पलागा तणतणत बाहेर जायची, आणि अंगणात उभी राहून तिला हसू फुटायचं. तिचं मीठ मोजणारं माणूस घरात होतं. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम अर्धा चमचा जास्त टाकायची.

जूनच्या शेवटी इंजिनिअर होसू येऊन गेला. चाळिशीचा, शांत, बुटांना चिखल लागू न देणारा माणूस. सावेताबरोबर तो तासभर पिकात हिंडला. पलागा घरात त्याच्यासाठी पॅनकेक तळत होती. जाता जाता तो दारात म्हणाला ते तिनं ऐकलं, "फूल स्वच्छ हवं, बाकी काही नको." पलागाला ते पटलं. घाणेरडं फूल कोण घेईल?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रेशाहून फोन आला. सिन्योरा ओर्तेन्सिया शेवटच्या घटका मोजत होती, आणि सारखी सावेताला हाक मारत होती. तिच्या मुलानं तिकीटच पाठवलं.

"तिची मुलं आहेत ना?" पलागा म्हणाली. "त्यांनी बसावं उशाशी."

"ती मला बोलावतेय, आई. सहा वर्षं तिनं माझ्याच हातचं खाल्लंय. दहा दिवसांत येते."

पलागाच्या ओठावर खूप काही आलं होतं. माझ्या उशाशी कोण बसणार, हे सगळ्यात पुढे होतं. पण तेवढ्यात सावेतानं तिचे दोन्ही हात धरले.

"आता इथलं तुझ्यावर आहे. उन्हाळी झाडं दिसायला लागलीत. तेवढी सगळी उपटून काढ, एकही ठेवू नकोस. बायका हव्या तेवढ्या घे मदतीला. तुला काय सांगायचं म्हणा! मी तुझ्याकडूनच शिकलेय."

भांगेत नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. नराला गावातल्या बायका उन्हाळी म्हणतात, कारण ते उन्हाळ्यातच उपटायचं असतं. मादीला दाण्याची म्हणतात, ती शरद ऋतूपर्यंत उभी राहते. उन्हाळीचा धागा रेशमासारखा, त्याचे सदरे आणि चादरी. दाण्याचीचा धागा जाड, त्याची पोती आणि दोर. हे पलागाला कुणी शिकवलेलं आठवत नव्हतं, जसं चालायला कुणी शिकवलेलं आठवत नाही. एकोणीस वर्षांत मुलीनं तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि मागितलं तेही नेमकं तेच, जे तिला सगळ्यात चांगलं येत होतं. सावेताची गाडी गेल्यावर ती रडली नाही. तिनं पेटीतून जुना पांढरा सदरा काढला आणि बाह्या वर केल्या.

तिसऱ्या दिवशी गाफ्ता आणि आणखी चौघी बांधावर आल्या. उन्हाळी झाडं डोकं वर काढून उभी होती, शेंड्याला हिरव्या कळ्यांचे घोस.

"करायची का सुरुवात?" गाफ्तानं विचारलं.

पलागानं एका झाडाला बोट लावून टिचकी मारली. काही पडलं नाही.

"अजून नाही."

"सावेता म्हणाली ना काढा म्हणून?"

"काढा म्हणाली, कच्ची काढा नाही म्हणाली. आता उपटली तर धागा हातात तुटेल. आणि दाण्याची वांझ राहील. तुझ्या सासूनं तुला एवढंही शिकवलं नाही?"

"माझी सासू मला फक्त शिव्या द्यायला शिकवून गेली," गाफ्ता म्हणाली, आणि सगळ्या हसत घरी गेल्या.

संध्याकाळी सावेताचा फोन आला. आवाज थकलेला, मागे कुणीतरी कण्हत होतं.

"झाली का गं उपटून?"

"घाई करू नकोस. मला कळतं केव्हा ते."

"बरं. तुझं तू बघ." आणि मग, दुसऱ्या कुणाला तरी इटालियनमध्ये काहीतरी मऊ, समजुतीचं. पलागाला शब्द कळले नाहीत, सूर कळला. लहानपणी ताप आला की सावेताला ती तशीच समजावायची.

पलागा रोज सकाळी बांधावर जायची. रोज टिचकी. वीस जुलैला संत इलियेचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी, ऊन तापल्यावर, तिनं टिचकी मारली आणि झाडानं धूर सोडला.

पिवळा, बारीक, पिठासारखा परागांचा धूर. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि सगळ्या दीड हेक्टरावर ढग उठला. तो मादी झाडांवर बसला, पलागाच्या बाह्यांवर बसला, पापण्यांवर बसला. ती त्यात उभी राहिली. तिची आई अशाच धुरात उभी राहून, हात आडवा धरून म्हणायची, "आता!" आणि बायकांची रांग पिकात शिरायची. पलागाला वाटलं, आई इथेच कुठंतरी आहे. तिला इतकं बरं वाटलं की तिनं गावातल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाक दिली, "आता!"

दोन दिवस सहा म्हाताऱ्या वाकून उपटत होत्या. मुळासकट, मूठमूठ, मातीचा झटका, आणि गवताच्या पेंढीनं बांधायचं. तळहात हिरवे झाले, कंबरा मोडल्या, जुनी चावट गाणी तीस वर्षांनी तोंडात आली. पलागानं ओळीतून तीनदा फिरून पाहिलं. एकही उन्हाळी शिल्लक नव्हतं. सगळ्या पेंढ्या तिनं अंगणातल्या कुंपणाला उभ्या करून ठेवल्या, एका उंचीच्या, एका जाडीच्या. यातून चादर करायची, तिनं ठरवलं. गुलाबी घरातल्या मोठ्या पलंगासाठी. दुकानातल्या चादरींवर आपली मुलगी झोपणार नाही.

"उपटली गं, सगळी," तिनं फोनवर सांगितलं.

"एकही नाही ठेवलं ना?"

"शोधून दाखव."

"शाबास, आई," सावेता म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव आला. "माझी आई आहे म्हणून."

ते वाक्य पलागानं गाफ्ताला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगितलं.

सिन्योरा दहा दिवसांत गेली नाही. तिला अठरा दिवस लागले. सावेता परतली तेव्हा ऑगस्ट लागला होता. तिचे डोळे खोल गेले होते, हातात एकच पिशवी. ती फाटकातून आत आली आणि कुंपणाशी थांबली. एक पेंढी तिनं हातात घेतली. शेंड्याचा घोस चोळला. रिकामी, उमललेली, वाळकी फुलं तिच्या बोटांतून खाली पडली.

"ही कधी उपटलीस, आई?"

"धूर सोडल्यावर. अगदी त्याच दिवशी! बघ धागा." पलागानं काडी मोडून साल ओढून दाखवली. "बघ, बघ कसा निघतो. ही चादर तुझ्या पलंगासाठी."

सावेतानं धागा हातात घेतला, पण तिची नजर पुन्हा त्या गळून पडलेल्या फुलांकडे गेली.

"काय गं? काय झालं?"

"दमलेय," सावेता म्हणाली. "छान निघालाय धागा. खरंच छान." आणि तिनं आईला मिठी मारली, इतकी घट्ट की पलागाचा डोक्याचा रुमाल सुटला.

बिचारी, पलागाला वाटलं, त्या बाईच्या मरणानं हलून गेली आहे. आता हिला जपायचं.

पण जपत होती सावेताच. तो सगळा महिना ती किती गोड वागली! पलागानं उन्हाळी पेंढ्या नदीच्या डबक्यात भिजत घातल्या, तर ती गुडघाभर घाण पाण्यात उतरून वर दगड ठेवायला आली. संध्याकाळी शेजारी बसून विचारायची, "तुझी आई कशी होती? तू माझ्याएवढी असताना काय करायचीस?" कधी नव्हे ते ऐकून घ्यायची. ती एकटीच पिकात जायची, तासभर हिंडून यायची आणि आल्या आल्या दुसऱ्याच कामाला लागायची. पलागा तिच्यामागून जायची आणि दाण्याचीचे घोस दाबून बघायची. टपोरे भरत होते. तिचा जीव सुपाएवढा व्हायचा.

सप्टेंबरच्या मध्यात इंजिनिअर होसू आला. पलागानं सकाळपासून प्लमची दारू आणि ग्लास बांधावर नेऊन ठेवले होते. गाफ्ता सहज आल्यासारखी आली होती, तिच्यामागे आणखी दोघी तशाच सहज.

होसूनं एक घोस तोडला, तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. भुसा उडून गेला. तळहातावर दाणे राहिले, करडे, चकचकीत, जवळजवळ मूठभर.

"बघा साहेब!" पलागाला राहवलं नाही. "एक पोकळ निघाला तर नाव बदलीन. तीस वर्षांत असा दाणा या गावानं पाहिला नाही."

होसूनं दुसरा घोस तोडला. मग दूर जाऊन तिसरा. चौथा. परत आला तेव्हा त्यानं पलागाकडे नाही, सावेताकडे पाहिलं.

"नर कधी काढलेत?"

"धूर सोडल्यावर," पलागा म्हणाली. "वेळेवर."

"माझी चूक आहे," सावेता पटकन म्हणाली. "मी इथे नव्हते. तुम्ही मला सांगितलं होतंत, मी पुढे सांगितलं नाही."

"काय सांगितलं होतं?" पलागानं विचारलं.

 मग होसूनं टोपी काढली. माणूस वाईट नव्हता. "मावशी, आम्हाला स्वच्छ, म्हणजे बिनदाण्याचं, फूल लागतं. नर कळीत असतानाच काढायचे, धूर सोडायच्या आधी. दाणा धरला की झाडाचं सगळं बळ दाण्यात जातं, फुलात तेल राहत नाही. हे काम तुम्ही उत्तम केलंय, पण ते चादरीचं काम आहे. हा माल कारखाना घेणार नाही."

"मग दाणा?"

"दाणा पक्ष्यांच्या खाद्यात जाईल. त्याला भाव नसतो."

पलागानं दारूचा भरलेला ग्लास त्याच्यापुढे धरला होता, तो तसाच धरून ती उभी राहिली. गाफ्तानं तो तिच्या हातातून काढून घेतला. तिनं दारूच्या बाटलीला बूच लावलं.  बाकीच्या दोघी आपापल्या वाटेनं निघून गेल्या.

गाडी गेली. मायलेकी बांधावर बसल्या. समोर पीक उभं होतं, वजनानं वाकलेलं, पलागानं उभ्या जन्मात पाहिलेलं सगळ्यात देखणं पीक.

"तुला कुंपणाशीच कळलं होतं," पलागा म्हणाली.

"हो."

"मग सहा आठवडे बोलली का नाहीस?"

"काय बोलणार, आई? तू इतकी खूश होतीस. आणि वाटायचं, एखाद्या कोपऱ्यात तरी वाचलं असेल. रोज बघायला जायचे."

"मी वाट लावली तुझी."

"तू कशी? मी ज्या झाडावर सगळं आयुष्य पणाला लावलं, ते सोडून एका परक्या बाईच्या उशाशी जाऊन बसले. तीन शब्द फोनवर सांगायचे होते, कळीतच काढ म्हणून. सुचलंच नाही. मला वाटलं, आईला सगळं येतं."

"मला येत होतं," पलागा म्हणाली.  "मला येत होतं म्हणूनच झालं. माझ्या जागी कुणी अडाणी असती तर तिनं दुसऱ्याच दिवशी उपटून टाकली असती. मी आठ दिवस टिचकी मारत बसले. तू घरी राहावीस म्हणून बसले गं मी तिथे, सगळं नीट व्हावं म्हणून."

सावेता तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. पलागा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. केसांत पांढरे किती झाले होते, ते तिला त्या दिवशी दिसलं. आणि तेव्हाच आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ऑगस्ट लागल्यापासून सावेतानं एकदाही मिठावरून भांडण काढलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये निरोप आला. वेरोनाजवळ एक म्हातारा होता, पायानं अधू, स्वभावानं तिरसट. गुरुवारची मिनीबस ठरली.

"चादर होईल वसंतापर्यंत," पलागा म्हणाली. "पाठवू तिकडे?"

"नको. इथेच अंथरून ठेव."

"पुन्हा पेरशील?"

"आधी थोडं साठवते. होसू म्हणालाय, बघू." सावेतानं पिशवीची चेन ओढली. ती आईकडे बघत नव्हती. "बघू, आई."

गुरुवारी सकाळी पलागानं शेंगदाण्यांएवढ्या पांढऱ्या घेवड्याचा चोर्बा केला, सावेताच्या आवडीचा. एक चमचा मीठ टाकलं. मग थांबली, आणि आणखी एक टाकलं. मग आणखी एक. ताटली मुलीपुढे ठेवून ती समोर बसली आणि वाट बघू लागली.

सावेतानं एक घास घेतला. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला, ताटली पुसून खाल्ली.

"मीठ?" पलागानं विचारलं.

"ठीक आहे, आई."

पलागानं ताटली उचलली आणि पाठ फिरवली. तिनं राग केला असता तर चाललं असतं, पलागाला वाटलं. शिव्या दिल्या असत्या, ताटली आपटली असती तरी चाललं असतं. ती पाहुण्यासारखी जेवून उठली होती. पाहुणी होऊनच ती चालली होती, आणि आता दर ऑगस्टला तशीच गोड पाहुणी येत राहील.

मिनीबस चर्चपाशी उभी होती. पिशव्या चढल्या, पापे घेऊन झाले, दार सरकून बंद झालं. पलागा रस्त्याच्या कडेला उभी राहिली, हात छातीशी धरून. गाफ्ता शेजारी येऊन उभी होती. गाडीनं धक्का दिला आणि निघाली. दहा पावलं गेली नसेल, तोच मागची खिडकी खडाडकन उघडली आणि सावेताचं अर्धं अंग बाहेर आलं. चेहरा लाल, गाल ओले.

"आई! तो चोर्बा होता की विष? तीन चमचे मीठ! जीव घेतेस का माझा?"

पलागाच्या तोंडून आधी हुंदका आला, आणि त्याच्यामागून जोरात आवाज.

"आवडत नसेल तर ये आणि स्वतः कर! ऐकलंस का? ये आणि स्वतः शिजव!"

"डॉक्टरांनी सांगितलंय तुला, मीठ कमी!"

"तू येऊन सांग! लांबून काय ओरडतेस!"

गाडी पुलावरून वळली. खिडकीतला हात दिसेनासा झाला. पलागा रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोठमोठ्यानं भांडत होती, मिठावरून, बापावरून, इटलीच्या बेचव जेवणावरून, आणि गाफ्तानं बाही ओढली तरी ती थांबेना.